फुटबॉलमध्ये शॉर्ट पास की लाँग बॉल, वाद घालायचा तर असा घाला

आधी पझेशनचा, म्हणजे बॉल किती वेळ कुणाकडे होता त्याचा, आकडा फेकणं बंद करा, कारण 2018 च्या वर्ल्ड कपला रशियाविरुद्ध स्पेनने हजारावर पास दिले आणि शेवटी पेनल्टीवर घरी गेले, पण म्हणून लगेच टिकीटाका, म्हणजे स्पेनचा तो छोट्या पासांचा खेळ, फालतू असंही म्हणू नका, 2010 चा वर्ल्ड कप त्याच खेळावर आलाय ना. मॅच बघताना समोरची टीम प्रेस कुठून करते, म्हणजे बॉल हिसकवायला कुठून धावून येते, ते बघा. वरपासून अंगावर येत असेल तर त्यांच्या डिफेन्सच्या मागे मोकळी जागा पडते, तिथे लांब बॉल म्हणजे अक्कल, आंधळी लाथ नाही. मात्र सगळे आपल्या गोलसमोरच्या बॉक्सपुढे ठाण मांडून बसले असतील तर लांब बॉल टाकून काय उपयोग, तिथे छोटे पासच हवेत. आणि हो, सेकंड बॉल, म्हणजे पहिल्या झटापटीनंतर मोकळा सुटलेला बॉल, कोण उचलतं ते मोजा, हे कुणी बघतच नाही राव!