कॅलिपर उतरवण्याआधी पिन सैल करा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे मोटारसायकल चालवणाऱ्याच्या पुढच्या ब्रेकचे बोल्ट आज ना उद्या जाम होतातच. जून ते सप्टेंबर चाकावरून उडणारं तांबडं पाणी थेट कॅलिपरवर, म्हणजे चाकाची डिस्क दोन पॅडमध्ये दाबून धरणाऱ्या भागावर, बसतं. कॅलिपर ॲल्युमिनियमचा, पिन आणि बोल्ट पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यांमध्ये ती ठासून बसली की नुसत्या जोरानं बोल्ट सुटत नाही, तुटतो मात्र. मी बेळगावच्या उद्यमबागेत फिटर आहे. रविवारी अंगणात गावातल्या पोरांच्या गाड्यांचे पॅड बदलून देतो. पॅड बदलणं सोपं आहे; पोरं अडकतात ती पिनवर.

म्हणून सगळ्यांत आधी हे सांगतो. पॅड ज्या पिनवर लटकतात ती पिन, कॅलिपर फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) घट्ट असतानाच सैल करायची. पूर्ण काढायची नाही, फक्त पाव आटा फिरवून ठेवायची. बहुतेक जण आधी कॅलिपर उतरवतात आणि मग पिनच्या मागे लागतात. तेव्हा कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत असतो, त्याला धरायला काही नाही, जोर लावला की पाइपच पिळतो. फोर्कवर असताना अख्खी गाडी तुमच्यासाठी कॅलिपर धरून ठेवते. (काही गाड्यांत पिनला आटे नसतात, क्लिप काढून पंचनं ठोकली की ती बाहेर येते.)

आटे असलेल्या पिनला बहुधा ५ मिमीची एलन की लागते. कधी तिच्यावर खाचेचं छोटं झाकण असतं, ते रुंद स्क्रू ड्रायव्हरनं काढा. मग आतली षटकोनी खाच स्वच्छ करा. इथे घाई नको. आपल्याकडची माती सुकली की विटेसारखी बसते; खिळ्यानं नाहीतर दाभणानं ती तळापर्यंत उकरून काढा. की अर्धीच आत गेली तर कोपरे गेलेच म्हणून समजा. कीचं टोक झिजून गोल झालं असेल तर ग्राइंडरवर तेवढं टोक सरळ कापून टाका, पुढे नवे धारदार कोपरे मिळतात. गोळ्याच्या टोकाची एलन की इथे अजिबात चालत नाही.

आता तेल. जाम सोडवायचा स्प्रे असेल तर तो सरळ फवारू नका. झाकणात घेऊन सिरिंजनं थेंब थेंब पिनच्या डोक्याभोवती आणि मागून आटे दिसत असतील तिथे सोडा. डिस्कवर आधी प्लास्टिक आणि फडकं गुंडाळा, जुने पॅड आतच राहू द्या. डिस्कवर तेल गेलं तर नवे पॅड ते पितील आणि ब्रेक लागणार नाही. डिझेल ओतायची आपल्याकडे सवय आहे, पण कॅलिपरमधलं रबर खनिज तेलानं फुगतं, पॅड दाबणारा पिस्टन अडकतो. थेंबच पुरे, आणि रात्रभर मुरू द्या.

सकाळी की खाचेत हलक्या हातानं ठोकून तळाला टेकवा आणि तिच्या डोक्यावर पिनच्या सरळ रेषेत हातोडीचे छोटे, कडक ठोके द्या. कॅलिपरवर नको, कीवरच. त्या धक्क्यानं भुकटीला तडे जातात. मग पहिल्यांदा किंचित घट्ट करायच्या दिशेनं नेट द्या, नंतर सोडायच्या. सुटताना बोल्ट ‘टक्’ असा आवाज देतो. आवाज न येता पिन मऊपणे पिळल्यासारखी वाटली तर तिथेच थांबा. ती सुटत नाहीये, तुटायला आली आहे. हा फरक हाताला कळतो आणि सगळ्या कामातली हीच खरी परीक्षा आहे.

थांबलात तर उष्णता द्या. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पिनवरची पकड सुटते. चुलीवरच्या हंड्यातलं उकळतं पाणी किटलीनं कॅलिपरच्या पिनकडच्या बाजूवर सावकाश ओता. गॅसची टॉर्च लावू नका: सील जळतात, ब्रेक ऑइल पेट घेऊ शकतं, आणि काही ब्रेक क्लीनरच्या वाफा ज्वाळेत विषारी होतात. गरम असतानाच एक थेंब तेल सोडा, थंड होताना ते आत ओढलं जातं. पुन्हा ठोके, पुन्हा नेट. दोन-चार फेऱ्यांत बहुतेक पिना हलतात.

खाच गोल झालीच तर टी-३० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट तिच्यात ठोकून बसवा, ते कडांत रुतून पकडतं. तेही फिरलं तर घरचं काम संपलं. ड्रिलिंग हातानं करू नका, कॅलिपर मशीन शॉपला घेऊन जा. बेळगावात अशा शॉपची कमतरता नाही.

कॅलिपरचे फोर्कवरचे बोल्ट त्या मानानं सोपे. पाठीमागून बाहेर आलेले गंजलेले आटे आधी वायर ब्रशनं साफ करा, नाहीतर तोच गंज फोर्कच्या आट्यांतून ओढत बाहेर येतो. बारा नव्हे, सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा आणि पाना स्वतःकडे ओढा. आट्यांवर निळं वाळलेलं काही दिसलं तर ते थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, आहे. बसवताना नवं लावा किंवा बोल्टच नवा घ्या.

नव्या पॅडसाठी पिस्टन मागे ढकलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून नजर ठेवा. ब्रेक ऑइल सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा. पिनवर खड्डे पडले असतील तर नवी घ्या, ती महाग नसते. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावा; चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस नको. पॅडच्या पिनला पुष्कळ गाड्यांत १८ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो, म्हणजे छोट्या कीनं मनगटाचा जोर. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि तोच पाळा.

गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिल्या दाबाला तो हँडलला टेकतोच. डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसा. पहिले काही किलोमीटर सपाट रस्त्यावर हलके ब्रेक मारत पॅड बसू द्या. चोर्ला घाट त्या दिवशी नको.