लेगोतून निळा आयसीएफ डबा: आधी वळण, मग खिडक्या

लेगोच्या विटांतून भारतीय रेल्वेचा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा) करायला घेतला की हात आधी रंगाकडे आणि खिडक्यांकडे जातो. डबा रुळावरून घसरतो तो मात्र खालच्या मापांमुळे. म्हणून सुरुवात वळणापासून करावी.

लेगोचं नेहमीचं वळण ४० स्टड त्रिज्येचं, म्हणजे ३२० मिमीचं असतं. (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा. इथली मापं त्यातच मोजली आहेत.) असे १६ तुकडे जोडले की वर्तुळ पुरं होतं. खरा आयसीएफ डबा ३,२४५ मिमी रुंद आणि २१,३३७ मिमी लांब. रुंदीला ८ स्टड (६४ मिमी) धरले तर प्रमाण १:५१ च्या आसपास येतं आणि लांबी साडेबावन्न स्टडांवर जाते. इतका लांब डबा वळणावर मधोमध ४ स्टड आत सरकतो, म्हणजे रुळाच्या मध्यरेषेवरून पार सुटतो. कपाटात ठेवायचा असेल तर खुशाल करा. चालवायचा असेल तर लांबी ३२ स्टडांवर थांबवा. रुंदीत मात्र कंजुषी नको. लेगोच्या स्वतःच्या गाड्या बहुधा ६ रुंदीच्या असतात, पण ब्रॉडगेजचा ऐसपैस डबा त्यात चिमटलेला दिसतो. रुळांच्या अंतरावरून हिशेब केला तर ९ स्टड हवेत, पण विषम रुंदीत मधोमध पिन (जिच्यावर डब्याखालची चाकांची गाडी फिरते ती खुंटी) बसवणं कटकटीचं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप: दोन बोग्यांच्या पिनांमधलं अंतर. (बोगी म्हणजे इथे डब्याखालची चार चाकांची गाडी.) पिना फार जवळ घेतल्या तर डब्याची टोकं बाहेर फेकली जातात, फार लांब घेतल्या तर पोट आत येतं. अंतर लांबीच्या ०.७ पट ठेवलं की दोन्ही साधारण सारखं होतं. खऱ्या आयसीएफमध्ये हे अंतर १४,७८३ मिमी आहे. भागून बघा, तिथेही ०.६९ च येतं. ३२ स्टडांच्या डब्याला २२ स्टड घ्या, म्हणजे प्रत्येक पिन टोकापासून ५ स्टडांवर. मग पोट दीड स्टड आत येतं आणि टोकं सुमारे १.७ स्टड बाहेर जातात. वळणावर रुळाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ६ स्टड जागा मोकळी सोडा. सिग्नलचा खांब किंवा फलाटाची कड त्यात आली की आदळलीच.

तळाला प्लेटचे (विटेच्या एक तृतीयांश जाडीच्या चपट्या तुकड्यांचे) दोन थर लागतात. वरच्या थरात ८×१६ च्या दोन प्लेट, खालच्या थरात मधे ८×१६ ची एक आणि दोन्ही टोकांना ८×८ ची एकेक. सांधे एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर महिनाभरात डबा मधे झोळतो. पिनेसाठी खाली पिन असलेली २×२ प्लेट, आणि बोगीवर भोकांची २×४ टेक्निक प्लेट. २×२ टर्नटेबल, म्हणजे फिरत्या चकतीचा तुकडा, तोही फिरतो, पण कलत नाही. रूळ जरा उंचसखल असला की एक चाक हवेत राहतं आणि पुढच्या सांध्यावर उतरतं. पिनेला थोडी ढिलाई असते, ती इथे हवीच आहे. बोगीत दोन आसांमधे ६ स्टड ठेवा. प्रमाणात ७ येतात, पण जितकं लांब तितकं चाक वळणावर रुळाला घासतं. आस धातूचे घ्या.

डबे एकमेकांना जोडणारी चुंबकाची कपलिंग बोगीला जोडा, डब्याला नको. वळणात शिरताना पुढच्या डब्याचं टोक १३ मिमी बाहेर गेलेलं असतं आणि मागचा अजून सरळ रुळावर असतो. कपलिंग डब्याला असेल तर हा सगळा ओढा मागच्या डब्याच्या चाकांवर येतो. दोन डब्यांत ३ स्टड अंतर सोडा. अडीचच्या खाली आतले कोपरे एकमेकांना टेकतात. त्या फटीत काळ्या विटांचा ४ रुंद, १ खोल वेस्टिब्यूल (दोन डब्यांमधली ये-जा करायची वाट) प्रत्येक डब्याला लावला की फट डोळ्यांत भरत नाही.

भिंत ४ विटांची: तळाशी एक थर, खिडकीचे दोन, वर एक. एका बाजूची मांडणी अशी: टोकाला १ स्टड, दार २, मग १ चा खांब आणि २ ची खिडकी असं चार वेळा, मधे २ चा खांब, पुढे तेच उलट. बेरीज बरोबर ३२ येते. मधला जाड खांब तळाच्या सांध्यावर पडतो. तिथे पहिल्या थरात १×८ ची वीट मधोमध बसवा.

दुसऱ्या वर्गाच्या खिडकीचे आडवे गज १×२ जाळीच्या टाइलने (टाइल म्हणजे वर स्टड नसलेला चपटा तुकडा) छान येतात. टाइल दोन हेडलाइट ब्रिकच्या (एका बाजूला खोलगट स्टड असलेल्या १×१ विटांच्या) बाजूच्या स्टडांवर आडवी बसवायची. बाजूला स्टड असलेली साधी १×२ वीट वापरली तर टाइल ३.२ मिमी पुढे येते आणि डबा गालफुगीसारखा दिसतो. हेडलाइट ब्रिकचा स्टड आत असल्याने फक्त १.६ मिमी येते. टाइल ८ मिमी उंच, वीट ९.६, दोन टाइलींमधे उरलेली पट्टीही गजासारखीच दिसते. दोन्ही बाजूंना मिळून ३२ टाइल आणि ६४ हेडलाइट ब्रिक लागतात. रंग निळाच निवडा: सहज मिळतो. जुना लालसर-तपकिरी डबा देखणा खरा, पण लेगोच्या त्या रंगांचे जुने तुकडे दाबताना तडकतात.

छताला ३×२ च्या वळणदार उताराचे ३२ तुकडे आणि मधे २ रुंद टाइलींची पट्टी. छत चार-पाच स्टडांवरच टेकवा, उचलता यायला हवं.

चाचणी आधी भिंतींशिवाय, नुसत्या तळावर घ्या. हाताने ढकलून पूर्ण वर्तुळ, मग उलट दिशेने. एकामागोमाग विरुद्ध वळणं असतील तर मधे १६ स्टडांचा एक सरळ तुकडा टाका. लांब गाडीत हलका डबा इंजिनामागे लावला तर वळणावर तो आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो. जड डबे पुढे घ्या. पॉवर्ड अप या लेगोच्या मोटर-प्रणालीच्या हबमध्ये, म्हणजे बॅटरीच्या डबीत, ६ ट्रिपल-ए सेल बसतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्याने गाडी थोडी मंद धावते. तरीही अडखळत असेल तर आस काढून बघा, केस गुंडाळलेला सापडेल.