सशाला गळू झालंय? पिळू नका, आधी दात तपासून घ्या – या चुका टाळा

सशाच्या अंगाला गाठ लागली की घरात पहिला सल्ला येतो तो पोटिसाचा. आमच्याकडे पण तेच झालं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा, बाहेर पाऊस धो धो, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान पडवीत येऊन पडलेलं, आणि आमच्या सशाला, बोंडूला, उचलून घेतला तर डाव्या जबड्याखाली बोटाला चण्याएवढं काहीतरी कडक लागलं. मामी म्हणाली, "करट असणार गो, कांदा भाजून हळद लावून बांध, पिकून फुटेल." माणसाचं करट फुटतं तसं, पण सशाचं गळू वेगळंच प्रकरण आहे आणि हे माहीत नसल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

सशाचा पू वाहत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी जी एन्झाइम्स असतात ती सशात फार कमी, म्हणून त्याचा पू टूथपेस्टसारखा, अगदी फडक्यात बांधून ठेवलेल्या चक्क्यासारखा घट्ट असतो आणि त्याच्याभोवती जाड पिशवी तयार होते. पिशवीत औषध नीट शिरत नाही आणि चीर दिली तरी आतलं सगळं बाहेर येत नाही. वरून दाबलं, पिळलं तर पिशवी आतल्या आत फुटते आणि पू आजूबाजूच्या मांसात पसरतो. त्यामुळे प्लीज, घरी सुई टोचणं, पिळणं, पिकायची वाट बघणं, यातलं काहीच करू नका.

आम्ही पिळलं नाही, पण दुसरी चूक केली. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी चीर देऊन पू काढला, पाच दिवसांचं औषध दिलं, गाठ बसली आणि आम्ही निवांत. तीन आठवड्यांनी गाठ परत त्याच जागी, आता लिंबाएवढी. त्या डॉक्टरांकडे रोज कुत्री आणि गुरं येतात, ससा क्वचितच, आणि कुत्र्याला हाच उपाय लागू पडतो, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण तुम्ही फोन करतानाच विचारा, सशाचं ऑपरेशन केलंय का, दातांचा एक्स-रे होईल का. नाही म्हणाले तर पणजी-मडगावला जावं लागलं तरी जा, गरज पडली तर बेळगाव-पुण्यापर्यंत चौकशी करा.

एक्स-रे कशासाठी? कारण जबड्यावरचं किंवा डोळ्याखालचं गळू बहुतेक वेळा दाताच्या मुळातून आलेलं असतं. सशाला २८ दात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. गवत चावून चावून ते झिजले पाहिजेत. पाव, चपाती, बिस्किट, वाटीभर पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) यावर ससा वाढवला की दाढा झिजत नाहीत, टोकं जीभ-गालाला टोचतात, मुळं उलटी जबड्याच्या हाडात घुसतात आणि तिथे इन्फेक्शन होतं. दाढा खूप आत असल्यामुळे तोंड उघडून आपल्याला काही दिसतही नाही. पण खुणा असतात. बोंडूची हनुवटी महिनाभर ओली असायची, मला वाटायचं पाण्याच्या भांड्यामुळे. गवताची काडी तोंडात घ्यायचा, दोनदा चावायचा आणि टाकून द्यायचा, कोथिंबीर मात्र आवडीने खायचा, आणि आम्ही म्हणत होतो, लाडावलाय! एक डोळा सारखा पाणावणं किंवा पुढे आल्यासारखा दिसणं ही तर लगेच डॉक्टर गाठायची खूण, डोळ्याच्या मागे गळू असू शकतं.

आता सगळ्यात जीवघेणी चूक. घरात मुलांचं अ‍ॅमॉक्सिसिलीनचं सिरप उरलेलं असतं, ते सशाला तोंडावाटे कधीही देऊ नका. अ‍ॅम्पिसिलीन, क्लिंडामायसिन हीसुद्धा तोंडाने नाहीच. सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि ससा जुलाबाने जातो. गोंधळ असा होतो की पेनिसिलीनचं इंजेक्शन कातडीखाली देतात, ते जाणकार डॉक्टर सशाच्या गळूसाठी वापरतात, पण म्हणून तेच औषध तोंडाने चालत नाही. स्टिरॉइड असलेली मलमंही लावू नका, आणि कुत्र्यांचा फिप्रोनिलवाला गोचिडीचा स्प्रे सशाला विष आहे. पू तपासायला पाठवताना डॉक्टरांना विनंती करा की नमुना पिशवीच्या भिंतीचा घ्या, मधल्या पुवात बऱ्याचदा जिवंत जंतू सापडतच नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवू नका. कुत्र्या-मांजरांना ठेवतात, पण सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतडी थंडावतात. नंतरही १२ तासांत खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा. वेदनाशामक औषध मागून घ्या, दुखत असेल तर ससा खाणारच नाही.

बोंडूची पिशवी काढली, सोबत एक दाढही काढली आणि जखम मुद्दाम उघडी ठेवली. सकाळ-संध्याकाळ त्याला जुन्या पंच्यात घट्ट गुंडाळून मांडीवर घ्यायचं, बिनसुईच्या सिरिंजने कोमट सलाईन आत सोडायचं, आधी पांढरे चुरे बाहेर यायचे, मग नुसतं गुलाबी पाणी. पहिले दोन दिवस माझे हात थरथरत होते. वरून लवकर बंद झाली म्हणून खूश होऊ नका, जखम आतून भरत यायला हवी, नाहीतर आत परत साचतं. आम्हाला पाच आठवडे लागले आणि औषधं मध्येच थांबवली नाहीत.

पावसाळ्यात ओल आणि माशा ही आपल्याकडची खास डोकेदुखी. उघड्या जखमेवर माशी बसली तर एका दिवसात अळ्या होतात, म्हणून तेवढे आठवडे ससा घरात जाळीच्या आत, खालचं फडकं रोज बदलायचं. सुकं गवत आगोटीलाच (पावसाळ्याच्या तोंडावरच) भरून हवाबंद डब्यात ठेवा, बुरशी आली असेल तर सरळ फेका. भाताचा पेंढा त्याची जागा घेत नाही. पिंजऱ्यातली बाहेर आलेली तारेची टोकं वाकवून टाका, आणि दोन नर एकत्र ठेवले असतील तर वेगळे करा, चाव्यांतूनही गळवं होतात.

सगळी गळवं बरी होत नाहीत हेही सांगते. हाडात खोलवर गेलेलं असेल आणि ससा म्हातारा असेल तर काही डॉक्टर ऑपरेशन न करता वेदना कमी ठेवायचा मार्ग सुचवतात, त्याला हार समजू नका. बोंडूच्या जबड्याला आता एक खळगा लागतो. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन लिहून ठेवते आणि दोन्ही जबड्यांवरून एकाच वेळी बोटं फिरवते, कारण एक बाजू वेगळी लागली तर ती अशीच लगेच कळते.