संत्रा लावायचा विचार आहे? कलमं बुक करायच्या आधी खड्डा घ्या

मे चाललाय, वावर नांगरून उघडं पडलंय, जमीन बघायची तर हीच वेळ, एकदा पेरलं की मग काय दिसणार. काटोल, वरुड, मोर्शीकडं बघून आपल्याकडं पण संत्रा लावायचं बरेच जण बोलतायत, सोयाबीनला कंटाळलेत, ठीक आहे, पण आपलं रान त्याला चालतंय का ते आधी बघा.

सुरुवात घरबसल्या करा. कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो घ्या, त्यात जुने फोटो दिसतात, एप्रिल-मे मधला निवडा. काळपट पट्टा म्हणजे बहुतेक खोल, ओल धरणारी जमीन, आणि भुरकट पांढरी ठिगळं म्हणजे मुरूम वर आलाय नाहीतर चुनखड आहे. मग ऑक्टोबरचा फोटो बघा, पीक आधी कुठं वाळतंय ते कळतं. धुऱ्याच्या आत एकाच गटात तीन प्रकारची जमीन निघते बरं का.

मातीच्या नकाशांवर एस-१ म्हणजे उत्तम, एस-२ मध्यम, एस-३ जेमतेम आणि एन म्हणजे नको, असे वर्ग असतात. हा वर्ग त्या त्या पिकापुरता असतो, सोयाबीनला एस-२ असलेलं रान संत्र्याला एन असू शकतं. आणि नकाशाचं प्रमाण बघा, १:२,५०,००० असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, तुमच्या एकराची एक बाजू त्यात पाव मिलिमीटर! त्याच्यावरून बाग लावायची नसते, फक्त खड्डा कुठं घ्यायचा ते ठरवायचं.

सरकार माती तपासून जे कार्ड देतं, त्या जमीन आरोग्य पत्रिकेचंही तसंच. सुरुवातीच्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या ग्रीडला (नकाशावर आखलेल्या चौकोनाला) एक नमुना होता, म्हणजे कार्डावर नाव तुमचं आणि माती शेजाऱ्याची असं होऊ शकतं. शिवाय तो नमुना वरच्या वीतभर मातीचा, दोन फुटावर चुन्याचा थर असला तर त्यात दिसतच नाही, आणि संत्र्याची वाट तिथंच लागते.

म्हणून फोटोत दिसलेल्या प्रत्येक रंगाच्या पट्ट्यात तीन फूट खड्डा घ्या. बाजू नीट तासून बघा, पांढरे खडे कितीवर सुरू होतात. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका (हातमोजे घाला), जोरात फसफसलं तर चुना भरपूर आहे, लॅबमध्ये मुक्त चुना तपासून घ्या, १० टक्क्यांच्या वर निघाला तर संत्र्याचा नाद सोडा. मग खड्डा पाण्यानं भरा, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर निचरा नाही, अशा भारी जमिनीत झाडं डिंक्यानं (खोडातून डिंक गळायचा रोग) जातात. तिथं कापूस-तूर बरी. फुटभरातच मुरूम लागला तर कापसाच्याही मागं लागू नका, बोंडं भरायच्या टायमाला ओल संपते, तिथं मूग, नाहीतर कायमचं सीताफळ.

बागेसाठी नमुने फुटाफुटाचे वेगवेगळे घ्या, ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटिमीटर, प्रत्येकी अर्धा किलो. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची माती नको. सावलीत वाळवा, स्वच्छ कापडी पिशवीत भरा, चिठ्ठीवर गट नंबर आणि खोली लिहा, आणि खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात भरू नका, रिपोर्टमध्ये खतच येईल.