पार्टीचं ड्रॉइंग, आपला हात: व्हिडिओ गेमवर विज्ञान कादंबरी लिहायची असेल तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. माल पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाचा, ड्रॉइंग पार्टीचं, आपली फक्त मजुरी. याला जॉबवर्क म्हणतात. गेमवर बेतलेली कादंबरी लिहिणं हे तेच काम. जग आणि पात्रं कंपनीची असतात, वाक्यं तेवढी आपली. मी नऊ वर्षं हे काम करते आहे आणि त्याला कमी लेखणं मला मान्य नाही. बाबांच्या हातचा जॉब पार्टीचा माणूस व्हर्निअर लावून माप न तपासता घेऊन जायचा. ती किंमत त्यांनी जॉबवर्क करूनच कमावली होती.

सुरुवात मात्र स्वतःच्या कथांपासूनच करा. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं ते कथेला. गेमवाल्या कंपनीलाही आधी हेच बघायचं असतं, की हा माणूस गोष्ट शेवटापर्यंत नेतो का. म्हणून आवडत्या गेमवर अख्खी कादंबरी लिहून कुणाला पाठवू नका. ते जग दुसऱ्याच्या मालकीचं आहे, तुम्हाला ते कुठंच विकता येणार नाही. या धंद्यात आधी कंपनी आणि प्रकाशक यांचं ठरतं, मग लेखक शोधतात. तेव्हा दाखवायला तुमच्या छापून आलेल्या तीन-चार कथा हव्यात, शक्यतो त्यातली एक मोठ्या लांबीची.

काम मिळालं की गेम खेळा. माझा हात कंट्रोलरवर संथ चालतो, म्हणून राजारामपुरीतल्या भावाच्या घरी भाचा खेळतो आणि मी शेजारी वही घेऊन बसते. दोन रकाने आखते. डावीकडे गेममध्ये ठाम सांगितलेलं: बंदुकीत किती गोळ्या, कुठल्या दाराला कुठलं कार्ड, कोण कुणाला काय नावानं हाक मारतं. उजवीकडे जे दिसतं पण सांगितलेलं नाही ते. कादंबरी उजव्या रकान्यातून निघते.

माझी पहिली गोष्ट गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या खाणीत घडणाऱ्या गेमवर होती. तिसऱ्या लेव्हलमध्ये एका बंद दारापुढं जेवणाचा डबा पडलेला होता. झाकण निघालेलं, चमचा आतच. भाचा उडी मारून पुढं गेला. मी म्हटलं, थांब, मागं चल. तो म्हणाला, "आत्या, ते उगंच ठेवलंय. त्याला हात लावला तरी काय होत नाही." मी डबा उजव्या रकान्यात लिहिला. दुसऱ्या दिवशी कंपनीला विचारलं, हा डबा कुणाचा? उत्तर आलं, कुणाचाच नाही, चित्रकारानं जागा रिकामी दिसते म्हणून ठेवलाय. मग मी परवानगी मागितली. दाराच्या आत कोण होतं, बाहेरचा जेवण अर्धं टाकून का उठला, यावर एकशे दहा पानं झाली. बाबा म्हणायचे, "पोरी, ड्रॉइंगवर जे नाही ते पार्टीला विचार. अंदाजानं टूल लावायचं नाही." विचारल्यामुळेच तो डबा माझा झाला.

मोठ्या कामांतही हीच रीत दिसते. 'हेलो' हा गेम नोव्हेंबर २००१ मध्ये आला. त्याची पहिली कादंबरी एरिक नायलंड यांनी सात आठवड्यांत लिहिली आणि ती गेमच्या थोडीशी आधीच बाजारात आली. गेम सुरू होतो रीच हा ग्रह पडल्यानंतर. नायलंड यांनी त्याआधीचं सगळं लिहिलं, नायकाच्या लहानपणापासून. खेळणाऱ्याच्या वाट्याच्या गोष्टीला त्यांनी धक्काही लावला नाही.

'मास इफेक्ट' या गेमची अडचण वेगळी होती. तिथं नायक शेपर्ड पुरुष की बाई, चेहरा कसा, निर्णय कोणते, हे खेळणारा ठरवतो. लेखकानं यातलं एक जरी छापलं तरी हजारो वाचकांचा शेपर्ड खोटा ठरतो. गेमचे मुख्य लेखक ड्र्यू कार्पिशिन यांनी २००७ च्या कादंबरीत शेपर्डला आणलंच नाही. काही वर्षं आधीचा काळ आणि अँडरसन हा दुसरा अधिकारी घेतला. तुमच्या गेममध्ये निवड असेल तर तुम्हीही बाजूचं पात्र किंवा आधीचा काळ घ्या.

मरणाचंही बघा. गेममध्ये माणूस चाळीसदा मरतो आणि त्याच दारापाशी उठतो. कादंबरीत तो एकदाच मरतो. म्हणून लढाईची लेव्हल जशीच्या तशी उतरवू नका, वाचक तिसऱ्या पानावर कंटाळतो. एकच जखम घ्या आणि ती पुढच्या चार प्रकरणांत दुखू द्या.

तपशील चुकले तर वाचक सोडत नाहीत. 'मास इफेक्ट'च्याच २०१२ मधल्या एका कादंबरीतल्या चुकांची लांबलचक यादी चाहत्यांनी केली आणि कंपनी व प्रकाशक दोघांनाही माफी मागावी लागली. डावा रकाना त्यासाठीच. आणि आपण बरोबर लिहिलं तरी ड्रॉइंग नंतर बदलू शकतं. २०१० मध्ये रीचवर 'हेलो'चा नवा गेम आला, त्यातल्या बऱ्याच गोष्टी नायलंड यांच्या पुस्तकाशी जुळेनात. अशा वेळी वाईट वाटतं, पण साचा पार्टीचा असतो.

आता करार. माझ्या पहिल्या कामाचा करार मी न वाचता सही केला आणि पुस्तकावर माझं नाव कुठंच आलं नाही. ते दुःख अजून आहे, म्हणून हे नीट वाचा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. पगारी नोकरीत लिहिलेल्याचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, कंपनी असते. बाहेरून लिहिणाऱ्यानं हक्क लेखी, सहीनिशी दिले तरच ते जातात. कलम १९ प्रमाणे त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलेला आहे, हक्क विकल्यावरही तो उरतो. तरी नाव कव्हरवर आणि आतल्या पानावर येईल, हे करारात लिहूनच घ्या. पैसे तीन हप्त्यांत मागा: सहीला, हस्तलिखित दिल्यावर, मंजुरी मिळाल्यावर. मंजुरीला कंपनीनं किती दिवस घ्यायचे तेही लिहा, नाहीतर तिसरा हप्ता लोंबकळतो.

एक कलम मी स्वतःहून घालते: जून आणि जुलै महिने माझे. त्या काळात दुरुस्त्या येणार नाहीत, फोन येणार नाहीत. दिवाळी अंकांच्या संपादकांना कथा तेव्हा द्यायची असते, आणि त्या कथेतलं जग, माणसं, दार आणि दाराबाहेरचा डबा सगळं माझं असतं.