कडेवर अक्षरे असलेली नाणी : संग्रह आणि मांडणीची तयारी

अमेरिकेने २००७ पासून काढलेल्या राष्ट्राध्यक्ष मालिकेतील एक डॉलरच्या नाण्यावर वर्ष आणि टांकसाळीचे अक्षर शोधू लागल्यास ते दर्शनी बाजूस सापडत नाही आणि मागील बाजूसही सापडत नाही. ते नाण्याच्या कडेवर, अवघ्या दोन मिलिमीटर जाडीत, बोधवाक्यासोबत दाबलेले असते. असे नाणे नेहमीच्या अल्बमच्या कप्प्यात सरकवले की त्याचे वर्षच झाकले जाते. त्यामुळे कडेवर मजकूर असलेल्या नाण्यांचा संग्रह करून तो एखाद्या स्थानिक प्रदर्शनात मांडण्याचा विचार असेल, तर कड दाखवायची कशी या प्रश्नापासून तयारीला लागावे आणि खरेदी नंतर करावी. एकेका नाण्याच्या किती प्रती घ्यायच्या, त्या कोणत्या आवरणात ठेवायच्या आणि चौकट किती खोल हवी, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते.

त्यानंतर विषयाची हद्द आखून घ्यावी. आपल्या सध्याच्या चलनातील नाण्यांच्या कडा साध्या किंवा कंगोरेदार असतात, त्यांवर मजकूर नसतो; म्हणून हा संग्रह बहुतांशी परदेशी नाण्यांचाच होणार हे आधीच मान्य करावे. प्रास्ताविक म्हणून मात्र घरातला एखादा जुना रुपया अवश्य ठेवावा. १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, आणि सहाव्या जॉर्जच्या त्या रुपयांच्या कंगोऱ्यांमध्ये बनावट नाण्यांना आळा घालण्यासाठी नक्षीची एक खाच आली. १९९० च्या दशकातील जाड पाच रुपयांच्या नाण्यावरही तशीच खाच आहे, आणि ते नाणे आजही बहुतेकांच्या डब्यात निघते. अक्षरे नसली तरी कडेचा उपयोग सुरक्षेसाठी कसा केला जातो हे पाहणाऱ्याला या दोन नाण्यांतून लगेच कळते, आणि ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात झाली की पुढची परकी नाणीही तो थांबून पाहतो.

मुख्य विषयासाठी तीन वाटा आहेत. पहिली दोन युरोच्या नाण्यांची आहे. हे नाणे सर्व देशांत एकाच मापाचे, म्हणजे २५.७५ मिलिमीटर व्यासाचे आणि ८.५ ग्रॅम वजनाचे असते. कडेवरचा मजकूर मात्र देशागणिक बदलतो. जर्मनीच्या नाण्यावर एकता, न्याय आणि स्वातंत्र्य हे शब्द आहेत, नेदरलँड्सच्या नाण्यावर ‘देव आमच्यासोबत असो’ अशा अर्थाचे वाक्य आहे, ग्रीसने ग्रीक लिपीत आपल्या प्रजासत्ताकाचे नाव दिले आहे, तर पोर्तुगालने शब्दांऐवजी किल्ले आणि ढाली यांची चिन्हे ठेवली आहेत. दुसरी वाट ब्रिटनच्या जुन्या गोल एक पौंडाची आहे; त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. तिसरी वाट राणी व्हिक्टोरियाच्या १८९३ ते १९०० या काळातील चांदीच्या क्राउन नाण्यांची. त्यांच्या कडेवर राज्यारोहणापासूनचे वर्ष रोमन अंकांत असते आणि ती २० जून १८३७ रोजी गादीवर आल्यामुळे एकाच इसवी सनाच्या नाण्यांवर दोन वेगवेगळी राजवर्षे आढळतात. १८९३ च्या क्राउनवर छप्पन्न किंवा सत्तावन्न यांपैकी एक आकडा असतो. ही वाट सुंदर आहे आणि महागही. नवख्याने पहिल्या दोनपैकी एक निवडावी, आणि तिन्ही एकत्र मांडण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे.

गोल पौंड निवडण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. १९८३ मध्ये आलेले हे नाणे १५ ऑक्टोबर २०१७ रोजी चलनातून बाद झाले, त्यामुळे लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या नातेवाइकांच्या खणात पडून राहिलेली नाणी सहसा मागितली की मिळतात. मागताना वर्षांची यादी आणि नाण्यांची चित्रे पाठवावीत, नुसते ‘जुने पौंड’ म्हणू नये. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या चिन्हांच्या नाण्यांवर सर्वसाधारणपणे ‘डेकस एट ट्युटामेन’, म्हणजे शोभा आणि संरक्षण, हे लॅटिन शब्द असतात; स्कॉटलंडच्या १९८४ व १९८९ च्या काटेरी फुलाच्या आणि १९९४ च्या सिंहाच्या नाण्यांवर ‘नेमो मी इम्प्युने लासेसित’ असते, आणि वेल्सच्या १९८५, १९९०, १९९५ व २००० च्या नाण्यांवर वेल्श भाषेतील ओळ असते. २००४ ते २००७ या वर्षांतील पुलांच्या चित्रांच्या नाण्यांवर मात्र कडेला अक्षरांऐवजी नक्षी आहे, आणि २०१० व २०११ च्या राजधान्यांच्या नाण्यांवर त्या त्या शहराचे ब्रीदवाक्य आहे. चलनात आलेल्या नव्या बाराकोनी पौंडाच्या आतील कंठावर, म्हणजे उंच किनारीच्या आतल्या भागावर, सूक्ष्म अक्षरे आहेत, परंतु ती नाण्याच्या चेहऱ्याच्या बाजूला आहेत, कडेवर नाहीत. हे नाणे चुकूनही या मांडणीत घेऊ नये.

‘डेकस एट ट्युटामेन’ हे शब्द मांडणीत आले की त्यांचा इतिहास सांगण्याची तयारी ठेवावी, कारण प्रदर्शनात सर्वाधिक प्रश्न त्यावरच येतात. हातोड्याने पाडलेल्या जुन्या चांदीच्या नाण्यांच्या कडा वेड्यावाकड्या असत, आणि लोक त्या थोड्या थोड्या कातरून चांदी बाजूला काढत आणि उरलेले नाणे पूर्ण किमतीला खपवत. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, १६६२ पासून, यंत्रावर पाडलेल्या मोठ्या नाण्यांच्या कडेवर हे शब्द आले. कड कातरली तर अक्षरेही जातात आणि लबाडी उघडी पडते. शब्द व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्यातील असून तेथे ते एका चिलखताला उद्देशून आहेत. त्या काळातील इंग्रज रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने ते सुचवले असे सांगितले जाते. एवढी माहिती पुरेशी आहे. पाटीवर यापेक्षा जास्त लिहिले तर कोणी वाचत नाही.

कडेवरील मजकूर कसा उमटवला जातो हे खरेदीपूर्वी समजून घ्यावे, कारण वर्गवारी, पाटीवरील वर्णन आणि बनावट नाण्याची ओळख या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. खोलगट अक्षरे बहुधा कोऱ्या चकतीवर, ठसा मारण्यापूर्वी, दोन पट्ट्यांमध्ये किंवा चाकांमध्ये चकती फिरवून दाबतात. पुढे ती चकती ठशाखाली कोणत्या बाजूने पडेल याला नियम नसतो. त्यामुळे राणीचा चेहरा वर धरला असता काही पौंडांवर अक्षरे सुलट दिसतात तर काहींवर उलट, आणि दोन्ही प्रकार जवळजवळ सारख्याच संख्येने मिळतात. असे उलटे नाणे ‘दुर्मीळ चूक’ म्हणून कोणी विकू लागला तर सरळ पुढे निघावे. उठावाची अक्षरे मात्र ठसा मारताना तुकड्यातुकड्यांच्या कॉलरने, म्हणजे चकतीभोवतीच्या कड्याने, उमटतात, म्हणून त्यांची दिशा ठरलेली असते आणि तुकड्यांच्या सांध्यांवर बारीक उभ्या रेघा दिसतात. स्वित्झर्लंडच्या पाच फ्रँकवरील ‘डॉमिनस प्रोव्हिडेबिट’ ही अक्षरे उठावाची आहेत, फक्त १९८५ ते १९९३ या काळात ती खोलगट होती. ही दोन नाणी शेजारी ठेवली की फरक पाटी न वाचताच लक्षात येतो. अमेरिकन डॉलरवरचा मजकूर ठसा मारून झाल्यावर वेगळ्या यंत्रावर दाबला जात असे. ते यंत्र चुकवून बाहेर पडलेली, कोऱ्या कडेची २००७ ची जॉर्ज वॉशिंग्टनची नाणी संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. अर्थातच कड घासून तयार केलेली बनावट नाणीही विकायला येतात, आणि त्यासाठी २६.५ मिलिमीटर व्यास व ८.१ ग्रॅम वजन ही दोन मापे तोंडपाठ असावीत.

यावरून साधनांची यादी आपोआप तयार होते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, प्लॅस्टिकच्या जबड्यांचा व्हर्नियर कॅलिपर आणि शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा एवढे असले की पुरते. गोल पौंडाचे वजन ९.५ ग्रॅम, व्यास २२.५ मिलिमीटर आणि जाडी ३.१५ मिलिमीटर असते. या नाण्याच्या बनावट प्रती मोठ्या प्रमाणात चलनात होत्या, आणि त्या ओळखण्याची सर्वांत सोपी जागा कड हीच आहे : अक्षरे पुसट, वेगवेगळ्या उंचीची किंवा मध्येच तुटलेली असतात, कित्येकदा वर्ष एका प्रदेशाचे आणि कडेचा मजकूर दुसऱ्याचा असतो. अशी एखादी बनावट प्रत मिळाली तर टाकून देऊ नये, अस्सल नाण्याशेजारी तसा स्पष्ट उल्लेख करून मांडावी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या फोर्ट भागात नाणी पाहताना विक्रेत्याला आधी विचारून नाणे कडेने धरावे आणि पूर्ण फिरवून पाहावे. बहुतेक जण चेहरा पाहून भाव ठरवतात, त्यामुळे कडेवरील ओरखडे त्यांच्या ध्यानात आलेले नसतात. दागिन्यात जडवण्यासाठी कधीकाळी डाक लावलेली जुनी क्राउन नाणी अशीच पकडली जातात.

स्वच्छतेविषयी एकच नियम आहे आणि तो कडक आहे. लिंबू, चिंच, राख, भांड्यांची पावडर किंवा पॉलिश यांपैकी काहीही वापरू नये. अक्षरांच्या खाचांत साचलेला मळ डिस्टिल्ड पाण्यात नाणे रात्रभर ठेवून सैल करावा आणि नाणे घासण्याऐवजी मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात राहिल्याने हिरवट चिकटा आला असेल तर शुद्ध अॅसिटोन उपयोगी पडतो, मात्र तो खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर वापरावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतला ओलावाच मुख्य शत्रू असतो, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात.

आता मांडणीकडे वळू, कारण खरी मेहनत येथेच आहे. गोल कॅप्सूल कड पूर्ण झाकते, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या जुन्या पद्धतीच्या डब्यांतही पांढरा फोम नाण्याला चहूबाजूंनी वेढतो. तीन-चार बारीक दातांवर नाणे तोलून धरणारे डबे मिळतात, ते घ्यावेत. आरसा लावण्याची कल्पना प्रत्येकाला सुचते. आडव्या नाण्याशेजारी पंचेचाळीस अंशांत आरसा ठेवला तर कड वरून दिसते हे खरे, परंतु अक्षरे उलटी होतात आणि वाचता येत नाहीत. पुलांच्या नक्षीसाठी आणि पोर्तुगालच्या किल्ल्यांसाठी आरसा चालतो, मजकुरासाठी चालत नाही.

मजकुरासाठी सर्वांत सोयीची रीत म्हणजे उभ्या चौकटीत पॉलिथिलीनच्या घट्ट फोमला आडव्या चिरा पाडून नाणी अर्धी आत आणि अर्धी बाहेर राहतील अशी खोचणे. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला कड सरळ ओळीत वाचता येते. ब्रिटनचे दोन पौंडांचे नाणेही मांडायचे असेल, तर ते २८.४ मिलिमीटर व्यासाचे असल्यामुळे फोम किमान १५ मिलिमीटर जाड आणि काचेपर्यंतचे अंतर त्याहून थोडे जास्त हवे, म्हणजे एकूण ३५ ते ४० मिलिमीटर खोलीची चौकट सांगावी. फ्रेमवाल्याकडे ही मापे लिहूनच द्यावीत. रबर, लोकरीचे मखमली अस्तर आणि कच्चे एमडीएफ टाळावे, कारण त्यांतून निघणाऱ्या वाफांनी चांदी काळवंडते. एका नाण्याची निम्म्याहून कमी कड एका वेळी नीट वाचता येते. म्हणून स्वस्त नाण्याच्या तीन प्रती घेऊन प्रत्येक प्रत एक-तृतीयांश फिरवून ओळीत खोचल्यास पूर्ण वाक्य डावीकडून उजवीकडे वाचता येते. दोन युरो आणि गोल पौंड यांच्या बाबतीत हे सहज परवडते. चौथी आणि पाचवी प्रत चेहरा व मागील बाजू दाखवण्यासाठी सपाट लावावी.

जेथे एकच प्रत आहे तेथे छायाचित्रांची पट्टी तयार करावी. नाणे लहान फिरत्या चकतीवर बरोबर मध्यभागी ठेवून, कॅमेरा स्टँडवर स्थिर करून आणि प्रकाश एका बाजूने तिरपा टाकून दर पंधरा अंशांना एक छायाचित्र घ्यावे, प्रत्येकातील फक्त मधला उभा तुकडा कापावा आणि चोवीस तुकडे संगणकावर जोडावेत. पट्टी छापण्यापूर्वी परिघ मोजून मोठेपणा ठरवावा : गोल पौंडाचा परिघ सुमारे ७१ मिलिमीटर असल्याने तिप्पट पट्टी ए-फोर कागदाच्या रुंदीत किंचित मावत नाही, अडीचपट नीट बसते. मातीवर किंवा चांदीच्या कागदावर नाणे गडगडवून ठसा घेण्याची जुनी युक्ती फक्त चलनातल्या साध्या नाण्यांवर वापरावी, जुन्या चांदीवर अजिबात नाही.

पाटीवर देश, मूल्य, वर्ष, कडेवरील मजकूर देवनागरीत आणि त्याचा अर्थ, अक्षरे खोलगट की उठावाची, आणि चेहरा वर असता ती सुलट की उलट, एवढेच लिहावे. फ्रान्स आणि इटलीच्या दोन युरोंवर दोनचा आकडा आणि तारे सहा वेळा आलटूनपालटून सुलट-उलट येतात, तेथे शेवटची नोंद निरर्थक ठरते. ती जागा रिकामी ठेवावी.

कायद्याची बाजू थोडक्यात. परदेशी नाणी बाळगण्यावर भारतात संख्येची मर्यादा नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून व्हिक्टोरियाचा क्राउन एकदा येथे आणला की परदेशातील प्रदर्शनात तो मांडण्याचा बेत करू नये. मौल्यवान नाण्यांच्या पावत्या आणि प्रत्येक नाण्याच्या कडेची पट्टी यांची प्रत घरी वेगळी ठेवावी. चोरी झालीच तर कडेवरील ओरखड्यांवरून आपले नाणे ओळखता येते.

चौकट प्रदर्शनस्थळी आडवी नेऊ नये, नाहीतर धक्क्याने नाणी चिरांतून पुढे सरकतात. ती उभी न्यावी आणि काचेच्या आत मऊ कागदाची घडी तात्पुरती ठेवावी. तेथे पोहोचल्यावर घडी काढून प्रत्येक ओळ समोरून वाचून पाहावी, दिव्याची जागा बाजूला सरकवून अक्षरांत सावली पडते का ते तपासावे, आणि पाहणाऱ्यांसाठी दोरीला बांधलेले एक भिंग चौकटीशेजारी टांगून ठेवावे.