थ्रीडीचं तिकीट काढायच्या आधी हे बघा

पहिलं म्हणजे पिक्चर दोन लेन्सच्या कॅमेऱ्याने शूट केलाय की साधा टूडी शूट करून नंतर थ्रीडीत कन्व्हर्ट केलाय ते शोधा. २००९ चा अवतार, २०११ चा ह्युगो हे थेट थ्रीडीत शूट झालेले, आणि फरक डोळ्यांना लगेच कळतो.

थेटरात बसलात की माणसाचे केस बघा, मोकळे सुटलेले, वाऱ्यावर उडणारे. कन्व्हर्जनमध्ये प्रत्येक फ्रेममधली माणसं कडेकडेने कापून पुढे आणतात आणि मागची रिकामी जागा रंगवून भरतात, त्यामुळे घाईत काम झालं असेल तर केसांच्या कडा चिकटवल्यासारख्या दिसतात, चेहराही सपाट, नाक-कान एकाच अंतरावर, पुठ्ठ्याचा कटआउट उभा केल्यासारखा! काच, धूर, पाऊस इथेपण तसंच. शंका आली तर चष्मा तसाच ठेवून एकदा डावा एकदा उजवा डोळा मिटा, केसांमागचं चित्र कुठे ताणल्यासारखं वाटतं का बघा.

पण कन्व्हर्ट म्हणजे वाईटच असं अजिबात नाही हं. टायटॅनिकच्या कन्व्हर्जनला ६० आठवडे दिले, २०१२ मध्ये थ्रीडीत आला तेव्हा खरंच सुंदर दिसला. ग्रॅव्हिटी बराचसा कॉम्प्युटरवर थेट थ्रीडीत बनवलेला, पण त्यातला बाकीचा भाग कन्व्हर्टेडच, फक्त तिथे थ्रीडीचा विचार सुरुवातीपासून केलेला. म्हणून कन्व्हर्जन ऐनवेळी ठरलेलं असेल तर सरळ टूडी बघा.